मागणाऱ्याचा कप्पा

कोल्हारच्या बाजारात मी पत्रकं वाटत होते. मुलींच्या कॉलेजच्या वेळेला एसटी का येत नाही, याचा जाब विचारणारं पत्रक होतं. तेवढ्यात शैलाताईच्या नवऱ्याचा, दाजींचा फोन आला. “शैला गेली गं. सकाळी चक्कर आली म्हनून बसली, ती उठलीच न्हाई... तू ये.” समोर भाजीवाली मावशी पत्रकासाठी हात पुढे करून उभी होती. मी तिच्या हातात सगळा गठ्ठाच ठेवला आणि नगरकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला. ताईचं दुखणं नव्हतं, पथ्य नव्हतं. आदल्या रविवारी तर तिनं मला फोनवर झापलं होतं, की पुढच्या जिल्हा स्पर्धेला येताना निदान स्वतःचे बूट तरी आण.

शैलाताई माझ्या नात्यातली नव्हती. भिंगारला राहायची, लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिलियन नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात एअर रायफल चालवायची. कॉलेजात असताना मला रायफल धरायला तिनंच शिकवलं. मी पुढं मोर्चे आणि पत्रकांच्या नादाला लागले, नेम सुटला, नावापुरती जिल्हा स्पर्धा तेवढी उरली, ताई मात्र सुटली नाही. मला ती नावानं हाक मारत नसे. “ए पत्रकवाली” म्हणायची, तेही भर नेमबाजीच्या रेंजवर.

नगरपासून पुण्यापर्यंत ज्यांनी स्पर्धा खेळल्यात त्यांना ताईआधी तिची ट्रंक आठवेल. भिंगारच्या जुन्या बाजारातून घेतलेली काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर कुणा निवृत्त जवानाचं अर्धं पुसलेलं नाव होतं, ते तिनं कधी खरवडलं नाही. आत जादा सामान असायचं. रबरी रिंगा, स्क्रू, पाने, नेम धरायच्या नळीतली कडी, हातमोजा, पट्टा, छर्र्यांचे डबे, ट्रिगरची स्प्रिंग. मधे एक फळी ठोकली होती. फळीच्या डावीकडचं तिचं, उजवीकडचं मागणाऱ्याचं. असंच म्हणायची ती, मागणाऱ्याचा कप्पा. प्रत्येक बारीक वस्तू दोन्हीकडे असायची. हवेचा जादा सिलिंडर मात्र एकच होता, महागाचा, तो डावीकडे. स्पर्धेहून घरी आली की हातपाय धुवायच्या आधी ट्रंक उघडायची आणि काय संपलं ते पाहून आधी उजवा कप्पा भरायची. दाजी चहा घेऊन उभे असायचे, चहावर साय धरायची.

फुकट मात्र काही मिळत नसे, बोलणी खावी लागत. एकदा एक पोरगा पाना मागायला आला तर म्हणाली, “ताट घरी ठिवून पंगतीला बसतोस का रं?” तो ओशाळला. तिनं पाना दिला, वर त्याचा सैल झालेला स्क्रूही आवळून दिला. एसटीत कंडक्टर ट्रंकेकडे बघून विचारायचा, “ताई, काय दारूगोळा हाय का ह्यात?” “न्हाई भाऊ, पोरांची इसरभोळी डोकी हायती. लई वजन न्हाई त्याला.” अख्खी गाडी हसायची.

पुण्यातल्या त्या स्पर्धेबद्दल मला सविस्तर लिहायचंय. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता तिथं ठरणार होती. ताई आयुष्यात राष्ट्रीय खेळलेली नव्हती. सरावात मात्र त्या वर्षी तेवढे गुण रोज पडत होते. जाताना एसटीत म्हणाली, “औंदा झालं तर झालं. डोळ्याला नंबर लागायलाय.”  

तिचा क्रमांक दुसऱ्या तुकडीत होता. पहिल्या तुकडीत भंडारदऱ्याकडची एक मुलगी होती, उसन्या रायफलीवर खेळणारी. आमच्या रायफलीला दाबून भरलेल्या हवेचा छोटा सिलिंडर असतो. हवा गळायला लागली की छर्रा नेमाच्या खाली पडतो, मग खेळणारा कितीही चांगला असो. त्या मुलीचा सिलिंडर सुरुवातीलाच फुसफुसायला लागला. नियमाप्रमाणे दुरुस्तीला थोडा वेळ मिळतो. पण दुरुस्त करणार कोण? एवढी मोठी राज्याची स्पर्धा, बॅनर होते, पाहुण्यांसाठी सोफे होते, रेंजवर दुरुस्ती करणारा एक माणूस नव्हता. मुलगी तोंड फिरवून रडायला लागली. ताईनं ट्रंक उघडली, डावीकडचा सिलिंडर उचलला आणि तिच्या रायफलीला लावून दिला. “रडून नेम लागतो का? डोळं पूस आदी,” एवढंच म्हणाली. मुलगी छान खेळली.

दुसरी तुकडी सुरू झाली आणि निम्म्या खेळात ताईची हवा गळायला लागली. तिनं रिंग बदलली, पण झडपच गेली होती. जादा सिलिंडर त्या मुलीच्या रायफलीला, रायफल तिच्या पेटीत, आणि मुलगी बापाबरोबर जेवायला गेलेली. मी धावत सुटले. पार्किंगपलीकडच्या झाडाखाली दोघं भाकरी खात बसलेली सापडली. सिलिंडर घेऊन परत पोचले तेव्हा ताईचा शेवटचा शॉट सुटला होता. दुरुस्तीची वेळ संपली तशी उरलेल्या हवेवर खेळत राहिली होती ती. एकेक छर्रा खाली उतरत गेलेला पडद्यावर सरळ दिसत होता... पात्रता थोडक्यात हुकली.

माझ्यामागून ती मुलगी धापा टाकत आली. मी तिला काही बोलणार, तोच ताईनं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. “तिला काय म्हन्तीस? तिनं कुटं मागितला, मीच दिला.” मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, “आन् तू, हवा भरायच्या आदी रिंग बघत जा. दर वक्ती मी न्हाई हुबी राहायची.”

परतीच्या गाडीत आम्ही भांडलो. मी म्हणाले, “ताई, तुझ्या ट्रंकेमुळं यांचं फावतं. दुरुस्तीचं टेबल लावायचं काम आयोजकांचं आहे. तू एकदा ट्रंक घरी ठेव, मग बघ कसे हलतात.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ते हलतील तवा हलतील. पोरगी आज रडत हुती.” मी ऐकत नाही म्हटल्यावर माझ्याकडे वळली. “हे बघ पत्रकवाली, तू भांड. मी ट्रंक भरती. दोन कामाला दोन मान्सं हायती न्हवं? मग कशाला घसा कोरडा करतीस?”

मी भांडले. “प्रत्येक स्पर्धेत दुरुस्तीचं टेबल हवं” असं पत्रक काढलं, प्रत्येक रेंजवर वाटलं. एका पदाधिकाऱ्यानं ते वाचून घडी घातली आणि हसत म्हणाला, “अहो, शैलाताईंची ट्रंक आहे की.” तिच्या शोकसभेत तेच गृहस्थ तिला चालतीफिरती कार्यशाळा म्हणाले. टाळ्यासुद्धा पडल्या. मी खाली बसून विचार करत होते, एका बाईच्या पगारावर तुमच्या स्पर्धा चालल्या, याची लाज वाटायची सोडून टाळ्या कसल्या वाजवता? ताई असती तर माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाली असती, गप, चहा येतोय.

गेल्या महिन्यात जिल्हा स्पर्धा होती. ट्रंक न्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. होऊ दे एकदा यांची फजिती. दाजींना तसं सांगायलाच भिंगारला गेले. ते म्हणाले, “सांगशील मग. आदी बघ तरी.” आणि त्यांनी झाकण उघडलं. उजवा कप्पा काठोकाठ भरलेला होता. डावीकडे एक झिजलेला पाना, अर्धा डबा छर्रे, बाकी मोकळा पत्रा. दोन्हीकडचं भरायला तिला सवड मिळाली नव्हती, आधी कुठलं भरायचं हे मात्र ठरलेलं होतं. आणि जादा सिलिंडर... तो आता उजवीकडे होता. तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. दाजी म्हणाले, “पुन्याहून आल्या दिवशीच तिकडं ठिवला. मी म्हनलं, आन् तुझ्यासाठी काय? तर म्हनली, माझं झालं आता.”

मी ट्रंक नेली. ताई ती मागच्या भिंतीशी ठेवायची, मी आयोजकांच्या टेबलावर ठेवली, पाहुण्यांच्या नारळ-शालींच्या मधोमध, आणि झाकणाच्या आतून माझं पत्रक चिकटवलं. त्यांनी दोनदा बाजूला घ्यायला सांगितलं, मी घेतली नाही. माझं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही. टेबल लागेपर्यंत पत्रकं निघत राहतील. पहिली मुलगी रिंग मागायला आली तेव्हा मी म्हणाले, “ताट घरी ठेवून पंगतीला बसतेस का गं?” मुलगी ओशाळली. मी रिंग दिली.

संध्याकाळी ट्रंक दाजींच्या ओट्यावर उतरवली. त्यांनी चहा टाकला होता. मी पिशवीतून नव्या रिंगांची पुडी काढली आणि उजव्या कप्प्यात हात घातला. चहावर साय धरली.