चार किलो कोणाकडचे

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता माझं वजन एकशे चार किलो भरलं. त्याआधीच्या चार महिन्यांत दर सोमवारी ते एकशे चारच भरलं होतं. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी एकशे एकेचाळीस किलोचा होतो.

हे आकडे माझ्याइतकेच आईला पाठ होते. मी महाडला राहतो, ती पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. वर्षभरात मी शंभराच्या आत येईन असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती गावदेवीला नवस बोलली: मुलगा शंभराच्या आत आला की गुळाने त्याची तुला करीन, तोवर चहात साखर घालणार नाही. आई दिवसाला पाच कप चहा पिते.

दर सोमवारी तिचा फोन येई.

"किती?"

"एकशे चार."

"परत? काय खातोस रे तू?"

"कागदावर लिहून दिलंय तेवढंच."

"कागदावर भजी लिहिल्यात काय?"

वीर स्टेशनवरून गाडी पकडून मी मुंबईला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी खाण्याची वही तपासली. एका चिकूपलीकडे आक्षेपार्ह काही सापडलं नाही. ते म्हणाले, तीच शस्त्रक्रिया, तेच पथ्य, तरी एकाचं वजन उतरत राहतं आणि दुसऱ्याचं मध्येच थांबतं. त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. रक्ताची तपासणी करता येईल, पण तपासणीने किलो उतरणार नाहीत. घरात जाड कोण कोण होतं ते विचारून या. "अर्धं आईकडून येतं, अर्धं वडिलांकडून. दोन्हीकडे विचारा."

आईला विचारलं.

"माझ्या माहेरी कोण जाडा नाय. घाट चढणारी माणसं ती. ह्ये समदं तुझ्या बापाकडचं हाय."

वडील हयात नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू मिळू शकली नाही. महाडमध्येच राहणाऱ्या आत्याला विचारलं.

"आमच्याकडे? लग्नात दादाला शर्ट ढगळ होत होता. वहिनीच्या हातचं खाऊन सुटला तो."

लग्नाचा फोटो पाहिला. दोन्हीकडची माणसं गळ्यापासून कमरेपर्यंत हारांत होती. अंदाज करता आला नाही.

गणपतीला आत्या वाडीवर आली आणि वाद स्वयंपाकघरात पोचला. मोदकाचं सारण होईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या तीन पिढ्या जाड ठरवल्या. शेवटी आत्या म्हणाली, "तोंडाने कशाला? चला गिरणीवर." आम्ही तिघं जीपने पोलादपूरला गेलो. तिथल्या गिरणीत भाताची पोती तोलायचा काटा आहे.

आधी आत्या चढली. एकोणऐंशी. बांगड्या वजा कराव्यात अशी तिची मागणी होती. ती मान्य झाली नाही. आईने चपला काढल्या, पिशवी माझ्याकडे दिली, छत्री गिरणीवाल्याकडे दिली आणि चढली. शहाऐंशी.

"बघा वहिनी," आत्या म्हणाली, "घाट चढणारी माणसं."

"तुम्ही पण काय काडी नाय, वन्सं."

गिरणीवाला मध्ये पडला. "काकी, साखर सोडली तवा पण आलेलात ना वजन बघायला? तवा पण शहाऐंशीच होतं."

आईने छत्री मागून घेतली. वाडीच्या वळणावर उतरताना मला म्हणाली, "तुझं वजन खाण्यापायी नाय रे थांबलं."

दुसऱ्या दिवशी तिने गुरवाला देवीकडे कौल लावायला सांगितलं. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. आईने हात जोडले.

"चार किलो पोराचे नायत. माझ्या रक्ताचे हायत. त्याच्या नावावर धरू नको. आहे तसा तोलते."

"अर्धे आमच्याकडचे," मागून आत्या म्हणाली.

आई वळली. "गिरणीवर असं नाय बोललात ते?"

"एकीने कोणी तरी बोला," गुरव म्हणाला. "फुलं सुकतील."

पंचवीस मिनिटांनी उजवं फूल पडलं.

तुला नवरात्रात झाली. लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू टेम्पोने आणला होता. एका पारड्यात मी बसलो. दुसऱ्यात दहा किलोच्या दहा ढेपा ठेवल्या. नवसाच्या वेळी आईने तेवढ्याच धरल्या होत्या. मी जमिनीवरून उठलो नाही. आत्याने महाडहून आणलेला दोन किलो गूळ ठेवला. आईने घरातला दोन किलो ठेवला. पारडी बरोबरीत आली.

गूळ वाडीत वाटला. शेजारच्या काकांना दोन मोठे खडे मिळाले. "पुढल्या साली परत बोला नवस," ते म्हणाले. "पर आधी ह्याला जरा खाऊ घाला."

घरी आल्यावर आत्याने चहा केला. आईच्या कपात दोन चमचे साखर घातली. आईने एक घोट घेतला, "आता गोड नाय जात," म्हणाली, कप माझ्याकडे सरकवला आणि बिनसाखरेचा मागितला.