बोलिव्हियाचा निवडुंग

माझी बायको नागपूरला कॉलेजात बॉटनी शिकवायची. लग्नानंतर ती टेक्सासमधल्या शुगर लँडला आली ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. दुसऱ्या वर्षी कॅक्टस क्लबच्या सेलमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला चिमूटभर बिया दिल्या. बोलिव्हियाच्या डोंगरांत, कातळाच्या भेगांमध्ये झुडपासारखा वाढणारा निवडुंग.

तिने माती कमी, खडी जास्त घातली. बरीच रोपं उगवली, जगलं एकच. सहा वर्षांत त्याला बुडापासून आठ-दहा फांद्या फुटल्या आणि एका वसंतात लाल, नळीसारखी फुलं आली. तिचा ऑफिसात फोन आला, "अरे, हमिंगबर्ड आलाय! जेवायच्या सुट्टीत येतोस?" मी मीटिंग आहे म्हणालो.

त्याच दिवाळीत तिची आई आजारी पडली, म्हणून ती नागपूरला गेली. आई वाचली नाही. मग तिचं परतीचं व्हिसा स्टँपिंग अमेरिकन वकिलातीत अडकलं. फोनवर रोज आधी माझी चौकशी, मग निवडुंगाची.

जानेवारीत इथे कडाक्याची थंडी पडणार असं कळल्यावर तिने लगेच सांगितलं, "ती एक कुंडी आत घे. बाकीचं राहू दे."

"घेतो," मी म्हणालो.

कुंडी जड होती, काटे टोचत होते. मी त्यावर एक चादर टाकली आणि कामाला बसलो. सकाळी चादर लाकडासारखी कडक झाली होती. दोन दिवसांत फांद्या काळ्या पडून लिबलिबीत झाल्या.

मी तिला सांगितलं नाही. फोनमधले जुने फोटो पाठवत राहिलो. तीन आठवडे. व्हिडिओवर दाखव म्हणाली की बाहेर पाऊस आहे म्हणायचो.

एक दिवस ती म्हणाली, "या फोटोतली डावी फांदी मी गेल्या वर्षीच कापली होती." मग विचारलं, "मेला ना रे तो?"

"हो."

"थंडीत झाडं जातात, ते मला कळलं असतं. पण तू मला रोज फोटो पाठवत होतास."

मी सॉरी म्हणालो. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला.

मार्चमध्ये तिचा व्हिसा आला. मी विचारलं, "तिकीट काढू?"

"नको. जुन्या कॉलेजात जागा निघाली होती. मी सोमवारी रुजू झाले." ती पुढे म्हणाली, "पहिल्या तासाला वर्गात बोलताना मला रडू आलं. आठ वर्षांनी कुणीतरी माझं ऐकत होतं."

"आणि मी?"

फोन तिने कापला नाही. शेवटी मीच ठेवला.

गेल्या महिन्यात मित्राच्या आई भारतात परत जात होत्या. त्यांच्या हाती बायकोच्या साड्या आणि पुस्तकं पाठवली. बॅगेचं वजन करताना काकू म्हणाल्या, "एवढं सगळं तिकडे कशाला? कधी येतेय ती?"

"येईल," मी म्हणालो, "मेमध्ये."