पेन्सिल मुलीच्या हातात

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मी मोटारींचे पार्ट डिझाइन करायचो आणि घरी आठ वर्षांच्या मुलीला गणित शिकवायचो. पहिल्या कामात मला कधी राग आला नाही, दुसऱ्यात रोज यायचा. या वयात पाढे पाठ नाहीत म्हणजे काय! माझ्या वडिलांनी मला शिकवलं तसंच मी तिला शिकवत होतो. चुकलं की डोक्यात टपली. एक दिवस तिनं वही दाखवणंच बंद केलं. विचारलं की "आय ॲम डन" म्हणून खोलीत निघून जायची. तिच्या गणितापेक्षा मला त्या बंद दाराची जास्त धास्ती वाटायला लागली.

तेवढ्यात तिच्या शाळेनं पालक आणि मुलं यांचा एकत्र अभ्यासवर्ग काढला, दर गुरुवारी संध्याकाळी. बायको म्हणाली, "तुम्हीच जा. मीटिंग असेल तर कॅन्सल करा." दोन डिग्र्या घेतलेला मी बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो. टीचरचा नियम एकच होता: पेन्सिल मुलांच्या हातात, शिकवणार मुलं, पालकांनी नुसतं ऐकायचं. मला मनातून हसूच आलं.

शेजारच्या टेबलावर कारखान्यातून ले-ऑफ झालेला एक धिप्पाड गोरा माणूस होता. त्याची चिमुरडी एकेका शब्दाखाली बोट ठेवायची आणि तो तिच्यामागून वाचायचा. मला सरळ म्हणाला, लहानपणी वाचायला धड शिकलोच नाही, आता हिच्याकडून शिकतोय. पुढे त्याचे नोकरीचे अर्ज आम्ही दोघांनी बसून भरले, आणि बर्फात रुतलेली गाडी कशी काढायची ते त्यानं मला शिकवलं. तो वर्ग नसता तर आम्ही एकमेकांशी बोललोही नसतो.

पण त्या पहिल्या संध्याकाळी माझे हाल झाले. मुलगी मला वजाबाकी समजावत होती. बावन्नातून सत्तावीस. तिनं दहा उसने घेतले, पण दशकातला एक कमी करायला विसरली आणि पस्तीस लिहून मोकळी झाली. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे निघाला. तो मी मांडीखाली दाबून धरला. समोर चूक दिसतेय आणि आपण काहीच करायचं नाही, हे मला सहनच होईना. ती पुटपुटत राहिली, थबकली, खोडलं, आणि तिचं तिनं पंचवीस लिहिलं. मी इतका हरखलो की तिची पाठ थोपटायला हात वर केला.

तिनं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

"आय फिक्स्ड इट, बाबा," ती घाईघाईनं म्हणाली. "आय ऑलरेडी फिक्स्ड इट."

माझा हात तसाच वर राहिला. तो आता कुठे ठेवायचा तेच मला कळेना.