अर्जाआधीचे अकरा दिवस

खांदेश्वर स्टेशनसमोर ताजुद्दीनभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, माझं करंजाड्यात. धंदा एकच, तरी आमच्यात कधी चुरस नव्हती. कारण हातचं राखून सांगणं भाईंना ठाऊकच नव्हतं.

टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ आली की कंपनीवाले सरळ अख्खं पॅनल बदलायला लावतात. खरं तर काचेच्या कडेला चिकटवलेली पातळ पट्टी सुटलेली असते, पण ती बसवायचं मशीन लाखांचं. भाईंनी दोन वर्षं डोकं खपवून एक चिमटा बनवला. त्यानं पट्टी अर्ध्या तासात बसायची. त्याच संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ काढून आमच्या चारशे कारागिरांच्या ग्रुपवर टाकला. आमची रीतच तशी, नवा इलाज सापडला की त्याच दिवशी सगळ्यांना सांगायचा.

अकरा दिवसांनी त्यांच्या मुलीनं, कैनातनं, हट्टानं पेटंटचा अर्ज करायला लावला. "अब्बा, कशाला तरी तुमचं नाव लागू दे." त्यावर एका बड्या पॅनल कंपनीनं हरकत घेतली. पुरावा काय, तर भाईंचाच व्हिडिओ! तो त्यांना पोचवला आमच्याच चारशेंपैकी कुणीतरी. कोण, ते अजून कळलेलं नाही. अर्जाआधीच शोध जगजाहीर झाला, म्हणून अर्ज फेटाळला.

भाई अपिलात हायकोर्टात गेले. ग्रुपवरची माहिती गुप्त ठेवायची असं ठरलं होतं, हे पाच जणांनी लिहून दिलं तर काही आशा आहे, असं वकील म्हणाले. मी सहीला तयार होतो. खोटं तर खोटं. पण व्हिडिओच्या शेवटी भाई स्वतःच बोलून बसले होते, "सगळ्यांना फॉरवर्ड करा रे, कुणाचा तरी कस्टमर थांबला असेल." अपील हरलो. आता त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात बिनदिक्कत तोच चिमटा चालतो. माणसाचा चांगुलपणा त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडणाऱ्यांची मला शिसारी येते.

गेल्या आठवड्यात एका सेटनं मला रडवलं. अर्धं चित्र काळं, तीन दिवस झगडलो. शेवटी भाईंकडे नेला. त्यांच्या टेबलावर त्याच मॉडेलचा सेट लख्ख चालू होता, कडेला उघडलेले स्क्रू तसेच पडलेले.

"काय केलंत हो याला, भाई?"

त्यांनी रिमोट उचलून सेट बंद केला.

"काय नाय रे, सुधीर. आपोआप चालू झाला."

वीस वर्षांत भाई माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले.