काकूंनी उघडलेलं इंजिन

कुठलीही बंद पडलेली वस्तू समोर आली की काकू आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "उघडून बघू या." तुम्ही हो-नाही म्हणेपर्यंत एप्रनच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आलेला असायचा.

नेपरव्हिल नावाच्या अमेरिकन गावात त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर होतं. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली, नवीन. पहिल्याच हिवाळ्यात माझा डिशवॉशर पाणी सोडेना. दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. काकू साबुदाण्याची खिचडी द्यायला आल्या होत्या. डबा ओट्यावर ठेवून त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी आतून एक अख्खं तमालपत्र आणि लिंबाच्या तीन बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. ओळख झाली ती अशी.

काका त्यांच्या अगदी उलट. सगळी नोकरी पूल तपासण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर त्यांना कशाचंही काही तपासायचं नव्हतं. "उघडलंस की वॉरंटी गेली," एवढं एकच वाक्य ते सोफ्यावरून म्हणायचे. वीस वर्षांच्या टोस्टरबद्दलही म्हणायचे.

काकूंनी सांगलीला फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं होतं. लग्न करून इथे आल्या तेव्हा त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पुढे मुलगी झाली, मग घरातच पाळणाघर सुरू केलं आणि ते कित्येक वर्षं चाललं. "फिजिक्स राहून गेलं," असं त्या म्हणायच्या, पण कोथिंबीर आणायची राहून गेली, अशा सुरात. पाळणाघरातल्या एका मुलीला रडणाऱ्या बाहुलीची भीती वाटायची. काकूंनी सगळ्या पोरांना गोल बसवून ती बाहुली उघडली आणि रडं कुठून येतं ते दाखवलं. बाहुलीच्या मालकाची आई रागावली म्हणे. भीती मात्र गेली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला 'उचापती' म्हणून सोडून देतो. मीही तसंच म्हणत होते, वॉल्टरची गाडी येईपर्यंत.

वॉल्टर म्हणजे काकूंच्या पलीकडच्या घरातले आजोबा. शाळेत गणित शिकवायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या गॅरेजमध्ये चादरीखाली एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. बुटकी, गडद हिरवी, दोनच सीटांची, छत नसलेली, आणि थेट इंग्लंडहून आणलेली म्हणून आपल्याकडच्यासारखं उजवीकडे स्टिअरिंग. गाडी कधी बाहेर यायची नाही. फक्त रविवारी सकाळी वॉल्टर गॅरेजचं दार वर करायचे, चादर काढायचे आणि थोडा वेळ गाडीत नुसते बसायचे. मग चादर पुन्हा घालायची, दार खाली. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे वर्षानुवर्षं बघत होत्या. "गाडीत बसायचं आणि चालवायची नाही, असं का करत असेल माणूस?" असं त्या मला सारखं विचारायच्या. मी म्हणायचे, "काकू, त्यांनाच विचारा ना." पण शेजाऱ्याला हात हलवून हॅलो करण्यापलीकडे इथे कोण जातं?

मग वॉल्टर बर्फावर घसरून पडले. दवाखान्यातून ते परस्पर वृद्धांच्या केअर होममध्ये गेले. घर विकायला त्यांची मुलगी आली. ती एकटी सगळं आवरत होती, दमलेली होती, आणि गाडी भंगारवाल्याला देणार होती. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "मी घेऊ?" तिने चावी काढून दिली.

ती गाडी एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये आम्ही तिघांनी नेली. मी आणि काकू मागून ढकलत होतो. काकांना स्टिअरिंग धरायचं काम होतं. ते ऐटीत आत बसले, आम्ही ढकललं, आणि गाडी सरळ टपालपेटीच्या दिशेने निघाली. काका सवयीने डाव्या बाजूला बसले होते, आणि तिथे स्टिअरिंगच नव्हतं.

त्या दिवसापासून काकूंची स्वतःची गाडी बाहेर बर्फात उभी राहायला लागली. गॅरेजमध्ये हीटर आला, फोन टेकवायला पोळपाट आला, आणि फोनवर दिवसभर इंग्लंडमधल्या कुठल्या तरी गृहस्थांचे व्हिडिओ. ऑफिसचं काम संपलं की मी टॉर्च धरायला जायचे. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. पायाखालचा पत्रा गंजून इतका पातळ झाला होता की काकूंचा अंगठा आरपार गेला. पत्रा कापून नवीन जोडायचं काम तेवढं त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, बाकी सगळं स्वतः. ब्रेक, वायरी, पेट्रोलची नळी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या नखांतलं काळं बघून एकीने विचारलं, "अगं बाई, हे काय?" काकू म्हणाल्या, "ग्रीस." आणि वाण घेऊन पुढे सरकल्या.

आमच्या मराठी मंडळात यावर बरीच चर्चा व्हायची. कोणी म्हणालं, काकूंना एकटेपणा आलाय. कोणी म्हणालं, गाडी विकून फायदा होईल. मुलगी फ्रिस्कोहून फोनवर म्हणाली, "आई, व्हाय?" आत काय आहे ते बघायचंय, इतकंच त्या म्हणायच्या.

सगळ्यात शेवटी इंजिन. काकूंची अपेक्षा अशी की आत सगळं जाम असणार. पण वरचं झाकण काढलं तर आतला भाग आरशासारखा लखलखीत. तेल मधासारखं पिवळं, एकदाही न जळलेलं. वॉल्टरनी अख्खं इंजिन सुटं करून, नवे भाग घालून पुन्हा बांधलं होतं. फक्त चावी फिरवायची बाकी होती, आणि ती त्यांनी कधीच फिरवली नव्हती.

काकू उलट्या बादलीवर बसल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्या म्हणाल्या, "आता तर मला झोपच येणार नाही."

शनिवारी मी त्यांना केअर होमला घेऊन गेले. वॉल्टर खिडकीजवळ, मांडीवर पांघरूण घेऊन व्हीलचेअरमध्ये बसले होते. काकूंनी त्यांना नानकटाई दिली, फोनवर गाडीचे फोटो दाखवले आणि मग सरळ विचारलं, "इंजिन तर पूर्ण झालं होतं. मग सुरू का नाही केलंत?"

त्यांनी नानकटाई बाजूला ठेवली. मला वाटलं, आपण येऊन चूक केली. मग त्यांनी पांघरुणाखालचा उजवा हात काढून आमच्यासमोर धरला. हात थरथरत होता.

त्यांनी जे सांगितलं ते असं. ही थरथर ते इंजिन बांधत होते तेव्हाच सुरू झाली होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आतले शेवटचे नट त्यांनी याच हातांनी आवळले. पण ते खरंच आवळले गेलेत, की आपल्याला नुसतं वाटतंय, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. पुन्हा सगळं उघडायचं बळ हातांत नव्हतं. कोणाला मदतीला बोलवावं तर हाताचं सांगावं लागणार.

"दर रविवारी चावी घेऊन बसायचो," ते म्हणाले, "आणि परत खिशात टाकायचो. मी भित्रा निघालो."

काकूंनी त्या हाताकडे बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मग मी उघडून बघते."

इंजिन उचलायची छोटी क्रेन भाड्याने आली. काका सोफ्यावरून म्हणाले की चांगलं बांधलेलं इंजिन उघडणं हा मूर्खपणा आहे. काकूंनी इंजिन वर टांगलं, खालचा तेलाचा टब काढला आणि आतला एकेक नट तपासायला घेतला. त्यासाठी एक खास पाना असतो. नट हवा तितका घट्ट असेल तर तो 'टक' करतो आणि पुढे फिरत नाही. मी टॉर्च धरून होते. टक. टक. टक. प्रत्येक आवाजाला माझा जीव थोडाथोडा भांड्यात पडत होता. म्हाताऱ्याने उगीच इतकी वर्षं स्वतःला छळलं, असं मी म्हणणार, तेवढ्यात काकूंचा हात थांबला. पाना पुढे जात होता. आवाज नाही. नट नुसता बोटांनी फिरवल्यासारखा सैल होता.

काकूंनी तो आवळला. टक झालं.

रात्रीच्या जेवणाला मी तिथेच होते. काका म्हणाले, "हे त्याला सांगू नकोस. सगळं नीट होतं म्हण. म्हातारा माणूस सुखाने झोपेल." मलाही ते पटलं. मी तसं म्हणालेसुद्धा. काकू आमटी वाढत राहिल्या.

पुढच्या शनिवारी वॉल्टरनी आम्हाला बघितल्याबरोबर विचारलं, "सापडलं काही?"

"एक नट सैल होता," काकू म्हणाल्या. "एकच. बाकी सगळे पक्के."

मी खाली बघितलं. वॉल्टरनी शांतपणे विचारलं, चावी फिरवली असती तर काय झालं असतं. काकूंनी तेही सांगितलं. इंजिन थोडा वेळ छान चाललं असतं, मग आतली दांडी सुटली असती आणि इंजिन फोडून बाहेर आली असती. काही उरलं नसतं.

मी वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. "म्हणजे मला बरोबर वाटत होतं," ते म्हणाले.

"बरोबरच वाटत होतं," काकू म्हणाल्या. "भित्रा कसला? तुम्हाला माहीत होतं."

घरी आल्यावर काकूंनी काकांना जे झालं ते सांगितलं. संध्याकाळी ते चहाचे कप घेऊन गॅरेजमध्ये आले, माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि म्हणाले, "तू दम घे, मी धरतो." त्यानंतर टॉर्च मला परत मिळाला नाही. नंबरप्लेट, इन्शुरन्स, टायर, सगळ्यांच्या मागे काकाच फिरले.

आता काकू इथे नाहीत. दोघं मुलीजवळ फ्रिस्कोला राहायला गेले. समोरच्या घरात एक तरुण जोडपं आलंय, त्यांच्या गॅरेजचं दार सदा बंद असतं. गाडी काकूंनी वॉल्टरच्या मुलीलाच परत दिली. तिने ती ठेवली आहे. वॉल्टर त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत गेले. काकू फोनवर सगळं बोलतात, पण गाडी दिल्याचं त्यांना वाईट वाटलं का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "आत काय आहे ते बघून झालं होतं ना."

मला मात्र त्यांचं नाव काढलं की मे महिन्यातली एक सकाळ आठवते. काकू गाडी घेऊन केअर होमच्या पार्किंगमध्ये आल्या, मागोमाग माझ्या गाडीतून मी आणि काका. सांगलीत वडिलांच्या जीपवर शिकलेल्या, त्यामुळे उजवीकडून चालवायला आणि डाव्या हाताने गिअर टाकायला त्यांना काहीच वाटलं नाही. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काकांचा गॉगल. वॉल्टरच्या मुलीने आणि मी त्यांना उचलून शेजारी बसवलं. ठरलं होतं ते एवढंच, की पार्किंगमध्ये एक चक्कर मारायची.

एक चक्कर झाली. दुसरी झाली. मग वॉल्टरनी तो थरथरता हात उचलून फाटकाकडे दाखवला. काकूंनी आमच्याकडे बघितलंही नाही. गाडी रस्त्याला लागली, वळली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली.

मुलगी घाबरून फोन शोधत होती. रिकामी व्हीलचेअर उन्हात उभी होती आणि तिच्यावरचं पांघरूण काका घडी घालून हातात धरून होते. दूर मक्याच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावरून इंजिनाचा आवाज येत होता. तो चढत गेला, क्षणभर थांबला, आणि मग खाली, संथ लयीत लागला. काका मान तिरकी करून ऐकत होते.

"चौथा गिअर टाकला तिने," ते म्हणाले.