शैलाताई आणि वकीलसाहेबांचा खोकला

शैलाताई खडू मुठीत धरायच्या, सुरी धरावी तसा. बोटं वळत नव्हती, म्हणून सगळा हातच फळ्यावर आपटत त्या भूमिती शिकवायच्या. वर्तुळ काढताना हात खांद्यापासून फिरे, आणि ते वर्तुळ आमच्या शाळेत कुणाहीपेक्षा गोल येई. मुलं सुजलेल्या सांध्यांकडे बघत बसली, की त्या गर्रकन वळून म्हणायच्या, "दुखणं माहं आहे. तुमी त्रिकोणाकडे पाहा."

अमरावतीत आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो आणि शेजारीच राहत होतो. दोन घरांत एकच भिंत. त्यांचे यजमान वकील. कोर्टात त्यांच्या गोड बोलण्याचा लौकिक होता. घरीही त्यांना आवाज चढवावा लागत नसे. ताईंचा हात ते हातात घ्यायचे, लग्नाच्या फोटोत घेतात तसा, आणि सुजलेले सांधे दाबायचे. वळ नाही, रक्त नाही. भिंतीपलीकडून मला फक्त घुसमटलेल्या जनावरासारखा आवाज यायचा. मी लाटणं भिंतीवर बडवायची, मग तो थांबायचा. पोलिसांत जा, म्हणून मी कितीदा सांगितलं. त्या म्हणत, "हे हात तसेही दुखतात, मंदा. त्यायनं दाबले म्हणून दुखून राहिले, हे कोण मानन?"

गोळ्यांनी भागेना तेव्हा मी त्यांना अकोल्याला सांधेवाताच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी नव्या इंजेक्शनाचं सांगितलं. त्यानं हात सुटतील; पण ते शरीराची लढण्याची ताकद खाली बसवतं, आणि आत टीबीचे जंतू निजलेले असले तर तेही जागे होतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी. एक्स-रे स्वच्छ निघाला. रक्तात मात्र दोष आला.

"आजार नाही तुम्हाला, पण जंतू शरीरात शिरलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी त्यावरच्या गोळ्या, इंजेक्शन मग. घरात कुणाला खोकला आहे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "नवऱ्याले. दिवाळीपासून."

"मग त्यांची थुंकी तपासायला हवी. घरात टीबीचा माणूस खोकत असेल तर मी तुम्हाला हे इंजेक्शन देणार नाही." बाईंनी एक प्लास्टिकची डबी दिली.

परतीच्या एसटीत ताई एकदम हसल्या. "म्हणजे माहे हात सुटायचे, तर आधी त्यायची छाती उघडा लागन."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे काच फुटली. "वकिलाच्या घरात टीबी म्हणते! एक पक्षकार तरी येईन काय माह्याकडे?" मी लाटणं हातात घेऊनच धावले. वकीलसाहेबांनी पितळी तांब्या फेकून मारला होता. ताईंची भुवई फाटली होती, रक्त पदरावर ठिबकत होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दोन्ही तळव्यांत डबी धरून ती त्यांच्यापुढे करत होत्या.

"मारून झालं असन तर याच्यात थुंका."

त्यांनी डबी लाथेनं उडवली. ताई रांगत पलंगाखाली गेल्या, डबी घेऊन आल्या, पुन्हा पुढे केली. त्यांनी पुन्हा उडवली. ताई पुन्हा रांगल्या. शेवटी तेच धापा टाकत बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भुवईवर पट्टी लावून ताई थेट कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत गेल्या. मी सोबत होते. भरल्या खोलीत त्यांनी ती डबी नवऱ्याच्या कागदांवर ठेवली. "साहेब, डॉक्टरले थुंकी पायजे तुमची. टीबी आहे का पाहाचं आहे." वकीलसाहेबांचा हात उठला आणि चार जणांच्या नजरेत अडकला. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. आसपासच्या खुर्च्या मागे सरकल्या. डोळे पुसत त्यांनी डबी उचलली आणि ते बाहेर गेले.

टीबी निघाला.

मग रोजची लढाई सुरू झाली. "गिळा. आता जीभ दाखवा," हे मला भिंतीतून ऐकू यायचं. स्वतःच्याही गोळ्या ताई त्यांच्यासमोरच घ्यायच्या. एका सकाळी वकीलसाहेबांनी गोळ्या ताईंच्या तोंडावर थुंकल्या, त्यांचा हात कपाटाच्या फटीत घातला आणि दार आपटलं. दोन बोटं मोडली. दवाखान्यात एक्स-रे उजेडात धरून ताई कितीतरी वेळ बघत होत्या.

"हे दिसते, मंदा," त्या म्हणाल्या. "चाल ठाण्यात."

तक्रार झाल्यावर वकीलसाहेब अकोटला भावाकडे गेले. ताईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या कर्मचारी बाईंना नवऱ्याचा पत्ता कळवला. "माह्याशी संबंध नाही राहिला त्यायचा," त्या म्हणाल्या, "पण खोकला तर कोणाशीही संबंध जोडते."

बोटं जुळली, गोळ्यांचा ठरलेला काळ गेला, आणि डॉक्टरबाईंनी इंजेक्शन सुरू केलं. काही महिन्यांत ताई स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्या. त्या दिवसांत एका दुपारी वकीलसाहेब दारात आले, तक्रार मागे घे म्हणायला. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. बोलता बोलता त्यांनी ताईंचा हात धरला आणि सवयीनं दाबला. मी फाटकाशी होते, पुढे झाले. ताई मात्र स्वस्थ उभ्या. ते दात खाऊन दाबत राहिले, कपाळावर घाम आला. ताई त्यांचा चेहरा निरखत होत्या.

"गोळ्या सोडल्या काय?"

त्यांनी हात सोडला. "बरं वाटते मले."

ताईंनी दार लावलं आणि अकोटला फोन केला. कर्मचारी बाई पुन्हा वकीलसाहेबांच्या दारी गेल्या, तर त्यांनी काठी घेऊन त्यांना फाटकाबाहेर पिटाळलं. कापसाचे दिवस सुरू होता होता वकीलसाहेब भावाच्या अंगणात रक्त ओकले आणि गेले.

आम्ही पोचलो तेव्हा पुरुष मसणातून परतले होते. ताईंना पाहताच दीर धावून आला. "तू मारलं माह्या भावाले!" त्यानं त्यांना असं ढकललं, की त्या ओट्याच्या पायरीवर आदळल्या. मी मध्ये पडणार, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. उठल्या. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"मारायचं तर मारा, भाऊजी. पण ते इथं झोपले, इथं खोकलले. घरातल्या सगळ्यायची छाती तपासून घ्या. लेकरायचीसुद्धा."

दिरानं पायातली चप्पल काढली. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून जाऊबाई पुढे आल्या, आणि नवऱ्याच्या आणि ताईंच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदराशी लहान मुलगी होती. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी रातभर खोकलते. हिले उद्या दवाखान्यात आणू काय?"

"उद्या काहून?" शैलाताईंनी वाकून मुलीला उचललं, कडेवर घेतलं. "दवाखाना चालू आहे. आत्ता चाल."