वन्संची बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलांना नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा नाही. आणि आता सांगते आहे ती रडत-कापत नाही, हे आधीच सांगून ठेवते. गावात मी ठाम बाई म्हणून ओळखली जाते. जे केलं तेही ठामपणेच केलं होतं — चुकून नव्हे.

आमचं घर रत्नागिरीपासून काही कोसांवर, आत. हे रत्नागिरीला कचेरीत कारकून. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी फटफटी यांनी घेतली होती. तेव्हा गावात मोटारसुद्धा क्वचित दिसायची. फटफटीचा आवाज आला की गुरं बुजायची. हे तिच्यावर ऐटीत बसत, पण तिच्या अंतरंगातलं यांना काही कळत नसे. एकदा रत्नागिरीहून आलेल्या मिस्त्रीने अंगणात साखळी कशी ताणायची ते यांना दाखवलं. मी पडवीत तांदूळ निवडत होते. हे विसरले. मी नाही विसरले.

मागच्या चाकाचे दोन्हीकडचे नट सैल करायचे, मग मागचे स्क्रू दोन्ही बाजूंना सारखेच फिरवायचे. जुनी साखळी सगळीकडे सारखी झिजलेली नसते — म्हणून चाक सावकाश फिरवत ती सर्वांत ताठ कुठे लागते ते शोधायचं, आणि तिथे बोटाने दाबून बघायची. फार ताणली तर तुटते. सैल राहिली तर दात्यांवरून उडते. हे मला भाकरी थापण्याइतकं सहज यायचं. सासऱ्यांना — मामंजींना — सुनेने यंत्राला हात लावलेला खपला नसता, म्हणून मी गोठ्यामागे करायची. हे सीटवर बसायचे, मी खाली. आम्हां दोघांचंच ते गुपित. सुखाचं होतं ते, खोटं कशाला बोलू?

वन्सं म्हणजे माझी नणंद, दुर्गा. वयाने माझ्याहून लहान. लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेल्या; अक्षर मोत्यासारखं. यांनी खटपट करून त्यांना मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिकायला जागा मिळवून दिली. मामंजी आधी नाहीच म्हणत होते, मग कसेबसे तयार झाले. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी बंद व्हायच्या. त्या हंगामातली शेवटची बोट वन्संना गाठायची होती. ट्रंक आदल्या दिवशी बैलगाडीने बंदरावर गेली. वन्संनीही गाडीतच जावं असं सासूबाई म्हणाल्या, तर हे हसले. ‘‘फटफटी असताना गाडी कशाला? पहाटे निघालो की झालं.’’

आता तुम्हाला वाटेल, मला कामाची धास्ती होती. सासूबाई अंथरुणाला टेकलेल्या, आंब्याचे दिवस, दोन मुलं — वन्सं गेल्या की सगळं माझ्या अंगावर. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण ते खरं होतं का? नव्हतं. खरं असं, की वन्सं दोन वेण्या घालून आरशापुढे उभ्या होत्या आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, तिथे म्हणे यंत्राने ताप मोजतात. मला जमेल गो?’’ यंत्र मला कळत होतं. हात माझे चालत होते. आणि जाणार कोण, तर ही? मी कायम गोठ्यामागेच बसायचं?

निघण्याच्या आदल्या दिवशी यांना सुट्टी होती; दुपारी सगळे आडवे झाले होते. मी पाना घेतला.

नट सोडले, स्क्रू उलटे फिरवले, चाक पुढे रेटलं. साखळी लोंबली. मग नट पुन्हा नीट आवळले. चाक निखळून कुणी मरू नये एवढी काळजी मी घेतली — आणि तिला मी मनात दया म्हटलं. पदराला हात पुसले, चहा ठेवला. संध्याकाळी हे चुलीपाशी आले, हळूच विचारलं, ‘‘अगो, साखळी बघितलीस ना?’’

‘‘बघितली,’’ मी म्हटलं.

त्या एका शब्दात खोटं काय होतं? काहीच नाही. बघितलीच होती.

पहाटे दोघं गेली. मोठ्या उतारावर साखळी उडून दात्यांत अडकली, मागचं चाक जाम झालं, दोघं जांभ्या दगडावर आपटली. हे दगडाने ठोकत बसले, मग दोघं तशीच चालत निघाली. बंदरावर पोचली तेव्हा उतारूंना बोटीपर्यंत नेणारा पडाव निघून गेला होता आणि बोट धूर सोडत उत्तरेकडे वळली होती.

बोट चुकली तरी घाट चढून आगगाडीने मुंबईला जाता आलं असतं. हे तेच म्हणाले, हात जोडून म्हणाले. पण परत आलेली ट्रंक ओसरीवर बघून मामंजींनी एकदाच सांगितलं, ‘‘देवाच्या मनात नाही. विषय संपला.’’ साखळी कुणी बघितली होती असं त्यांनी विचारलं, तेव्हा हे माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मीच. चूक माझी.’’ मी भिंतीला टेकून उभी होते. बोलू शकले असते. पुढे यांनी फटफटीवर मागे कुणालाही बसवलं नाही, आणि मला पुन्हा कधी गोठ्यामागे बोलावलंही नाही. यांना कळलं होतं का? मी विचारलं नाही.

वन्संच्या तळहातात रुतलेले खडे मीच काढले. त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं वहिनी, मागे तू नव्हतीस.’’

त्या घरीच राहिल्या. सासूबाईंचं सगळं त्यांनी केलं, माझी पुढची बाळंतपणं केली. हळूहळू वाडीवाडीतून बायका त्यांना बाळंतपणाला बोलावू लागल्या. जेवढं पाहून-करून येतं तेवढं त्यांना येत होतं. एकदा शेजारच्या वाडीतली पार्वती अडली. लेक झाली, पण पार्वतीचं रक्त थांबेना. डॉक्टर यायच्या आत ती गेली. वन्सं परत आल्या, विहिरीवर उभ्या राहिल्या, मी त्यांच्या हातांवर पाणी घालत होते.

‘‘शिकले असते तर मला कळलं असतं गो, काय करायचं ते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘तुमचा काय दोष त्यात?’’ मी म्हटलं. आणि पाणी घालत राहिले.

आता हे नाहीत, वन्संही नाहीत. पार्वतीची लेक सासरहून आली की आमच्याकडे येते. वन्संच्या घरातली वडीलधारी म्हणून माझ्या पाया पडते. मी पाय मागे घेत नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवते, आणि आशीर्वाद देते.